अक्कांची डाव्या स्टिअरिंगची गाडी

माझ्या माहेरी, कोल्हापुरात, मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. नवरा एकेका गाडीपुढं दहा-दहा मिनिटं उभा, मुलगी त्याचा हात धरून. मी पुढं जायची, परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा पुढं. घराला कुलूप लावलं की नाही असं निम्म्या वाटेत वाटावं, तसं सकाळपासून आत काहीतरी हलत होतं.

ती शेवटच्या रांगेत होती. लालभडक, टप मागं दुमडलेला, दोनच माणसांची. मी तिला ओलांडून गेले. खरंच गेले. त्या लाल रंगाशी माझी ओळखच नव्हती. चार पावलं गेल्यावर डोक्यात आलं, स्टिअरिंग डावीकडं होतं. मागं फिरले आणि पुढचा फळा वाचला.

फळ्यावर गाडीची कुंडली होती. इटलीत तयार झाली. एका सरदार घराण्यातल्या धाकट्या चिरंजीवांनी बोटीनं आणली. त्यांच्याकडून कोल्हापुरातल्या एका स्टुडिओचे मालक. मग गडहिंग्लजचे एक गूळव्यापारी. मग मुंबईचे संग्राहक, आणि आत्ताचे मालक, पुणे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मध्यंतरी स्थानिक पातळीवर तात्पुरती दुरुस्ती. त्यानंतर संपूर्ण मूळ स्वरूपात.’

तात्पुरती! त्या तात्पुरत्या दुरुस्तीत माझ्या वडिलांचे आठ महिने गेले होते. आणि अक्का तर त्या यादीत कुठंच नव्हत्या.

मी दारावरून आत वाकले आणि श्वास घेतला. नव्या कातड्याचा वास आला, पॉलिशचा आला. गुळाचा नाही आला.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. माझी बीएस्सी झाली होती आणि पुढं काय, याचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. दर पंधरवड्याला कुणीतरी बघायला यायचं. उरलेल्या दिवसांत मी वडिलांच्या कारखान्यात जाऊन बसायची. कारखाना म्हणायचं, एरवी इथल्या उद्यमनगरातली पत्र्याची एक शेड. वडील, आप्पा, पॅटर्न करायचे. फौंड्रीत जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा, मग तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. सागवानाचा भुसा, फेव्हिकॉल, शेजारच्या फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास. दुपारी भट्टी सुटली की त्या वासानं जीभ कोरडी पडायची.

एका सकाळी शेडपुढं ट्रॅक्टर येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत पोत्यांखाली ही गाडी. चाकं नव्हती, पुढची काच नव्हती, अंगावर बोटभर काळपट थर. ड्रायव्हरच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर एक बाई बसून आल्या होत्या. साठी ओलांडलेली, पांढरं इरकल, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. उतरल्या, पदर झटकला आणि आप्पांना म्हणाल्या, “मेस्त्री, ही चालू हुतीया का न्हाय तेवढं सांगा. दिसायचं मागनं बघू.”

त्या गडहिंग्लजच्या. सगळा गाव त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो.

आप्पांनी सीटवरचं पोतं उचललं आणि हात झटकन मागं घेतला. “आगं आई! मुंग्या हैत की आत!”

गाडी सव्वीस वर्षं गुळाच्या वखारीत उभी होती. ढेपांचा पाक पावसाळ्यात पाझरायचा, तो सीटच्या शिवणींत, डॅशच्या फटींत, दाराच्या पोकळीत उतरला होता. मुंग्यांच्या कितीतरी पिढ्या तिथंच नांदल्या असतील. आम्ही आठ दिवस मुंग्या काढत होतो. नंतर सगळं खरवडलं, धुतलं, तरी वास गेला नाही. इंजिन तापलं की गुऱ्हाळावर उभं असल्यासारखं वाटायचं.

इंजिनाचं काम दस्तगीरचाचांनी घेतलं. त्यांचं गॅरेज पलीकडच्या गल्लीत. लुंगी, कानाला पेन्सिल, आणि कुठलंही इंजिन उघडण्याआधी त्याच्यावर हात ठेवून ‘बिस्मिल्ला’. बॉनेटमध्ये डोकं घालून ते ओरडले, “अक्का, बाहेरच्या मुलखाची हाय ही! हिचं पुस्तक न्हाय, भाग न्हाय, काय न्हाय!”

“मग?” अक्का म्हणाल्या. “बाहेरच्या मुलखाची सून नांदत न्हाय व्हय? नांदवायची.”

अक्का दर आठवड्याला एसटीनं यायच्या. डब्यात भाकरी, शेंगाचटणी, कधी ताजी काकवी. शेडच्या दारात स्टुलावर बसून काम बघायच्या आणि मधूनच, कुणी न विचारता, सांगायला लागायच्या. गाडी कुठनं कुठं आली ते मला असं तुकड्यातुकड्यानं कळलं.

सरदारांच्या धाकट्या मुलानं ती परदेशात पाहिली, आणली, आणि इथल्या रस्त्यांवर दोन पावसाळ्यांत तिला कंटाळला. स्टुडिओच्या मालकानं घेतली ती सिनेमासाठी. मागं डोंगराचं चित्र रंगवलेला पडदा, समोर मोठा पंखा, गाडीत नट-नटी. गाडी जागच्या जागी, फक्त नटीचा पदर उडायचा. गूळ घेऊन सौद्याला आलेले अक्कांचे मालक, म्हणजे त्यांचे यजमान, एकदा अक्कांना शूटिंग दाखवायला घेऊन गेले. अक्का तेव्हा तिशीच्या. मांडीवर थाप मारून हसल्या. “एवढी गाडी आन् जागच्या जागी?”

“त्यांनी माझ्याकडं बघितलं,” अक्का सांगायच्या, “आन् दुसऱ्या आठवड्यात गाडी दारात.”

मालकांना गाडी चालवायची भीती वाटायची. स्टुडिओच्या ड्रायव्हरनं अक्कांना शिकवलं. नऊवारीचा काष्टा मारून त्या गडहिंग्लजच्या रस्त्यानं टप उघडून जायच्या. पोरं मागनं पळायची. माणसं तोंडावर हसायची, पाठीमागं बोलायची. पण ही डाव्या स्टिअरिंगची गाडी. चालवणारा रस्त्याच्या कडेला बसतो, पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं काही दिसत नाही. उजवीकडं बसलेल्यानं सांगायचं. मालक उजवीकडं बसून मान बाहेर काढून सांगायचे, कानडीत. ‘निल्लु’ म्हणजे थांब. ‘होगु’ म्हणजे जा.

“सहा वर्सं त्यांनी मला नुसतं होगु म्हटलं,” अक्का म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावत बसल्या. झाकण लागलं होतं, तरी लावत बसल्या.

मालक तापाचं निमित्त होऊन गेले. दिरांनी गाडी वखारीत ढकलली. चाकं काढून विकली, खाली विटा लावल्या.

पाण्याचा पंप फुटलेला होता. तसला दुसरा मुंबईत शोधला, मिळाला नाही. मग आप्पांनी फुटक्या पंपाचे तुकडे पाटावर मांडले आणि आठ दिवस नुसते बघत बसले. त्यानंतर सागवानात कोरायला घेतला. मी विचारलं, “आप्पा, हा तर जरा मोठा झालाय.”

“व्हायलाच पायजे. रस थंड हुताना आकसतो. लाकूड जरा मोठं ठेवलं तरच धातू बरोबर उतरतो.” पटाशी फुंकून त्यांनी माझ्याकडं बघितलं. “मापात केलं तर कमी पडतं.”

स्टिअरिंगचं कडं त्यांनी शिसवीचं केलं. महिनाभर ते माझ्या मांडीवर होतं. मी पॉलिश पेपरनं घासायची. काळ्या-जांभळ्या रेषा हळूहळू वर यायच्या. बघायला आलेल्या एका बाईंनी माझे हात उलटे करून पाहिले होते आणि विचारलं होतं, “हे काळं कशानं?” मी म्हटलं, शिसवीनं. त्यांना ते कळलं नाही आणि मला समजावून सांगावंसं वाटलं नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ती दुपार. दस्तगीरचाचांनी सकाळपासून पन्नासदा प्रयत्न केला असेल. खोकायची, थुंकायची, गप्प. पन्नासाव्यांदा पकडलं. पत्र्याची शेड थरथरली, फळीवरचे पॅटर्न खाली पडले, गल्लीतली माणसं गोळा झाली. चाचा ओरडले, “काय आवाज हाय बघा, काय आवाज हाय!” अक्का स्टुलावरून उठल्या, बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. गुळाचा वास दाटून आला.

चाकं बसली, काच बसली आणि सायीच्या रंगाची झाली ती. अक्कांनी रंग सांगताना चाचांना वाटीतली साय दाखवली होती.

चालवून बघायची वेळ आली तेव्हा खरं कळलं. अक्का बसल्या, गिअर टाकला, क्लच अगदी अलगद सोडला. सव्वीस वर्षांनी पायाला सगळं आठवत होतं. आणि गाडी सरळ समोरच्या वाळूच्या ढिगात गेली. उतरून त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“धुकं हाय,” त्या म्हणाल्या. “सगळीकडं धुकंच हाय. तू बस.”

“मी?”

“मग काय मेस्त्री? त्यांचं पाय पुरत न्हाईत.”

तशी मी चालवायला शिकले. सकाळी उद्यमनगर जागं व्हायच्या आत, गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर. अक्का आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्कामाला यायच्या आणि पहाटे उजवीकडं येऊन बसायच्या. आधी मी त्यांच्या आवाजाला दचकायची. “क्लच! क्लच! मारतीस काय तिला?” मग सवय झाली. सायकलवाले थबकायचे, कारण उजवीकडं बसलेली म्हातारी आणि तिच्या हातात स्टिअरिंगच नाही! गार वारा कानांत भरायचा. घरी येऊन मी पोळ्या लाटायची तेव्हा पोळपाट पायाखालच्या पेडलसारखा वाटायचा. रात्री झोपेतही माझा डावा पाय हलायचा, असं आई म्हणायची.

गाडी झाली आणि अक्कांचा पुतण्या आला. मल्लाप्पा. वखार आता तोच बघायचा. माणूस वाईट नव्हता. मुंबईच्या गिऱ्हाइकाशी त्याचं बोलणं आधीच झालं होतं. चालू गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं, असं सांगून अक्कांनीच त्याच्याकडून दुरुस्तीला होकार घेतला होता. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

“सोमवारी ट्रक आणतो, चिगव्वा,” तो म्हणाला. चिगव्वा म्हणजे कानडीत काकू.

“आण की,” अक्का म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. “रविवारी जोतिबाला नेतीस का मला? गाडी घेतली तवा आम्ही दोघं गेलतो. डोंगर चढून.”

त्या रविवारी मला बघायला पाहुणे यायचे होते. अकरा वाजता. आईनं जांभळी साडी इस्त्री करून ठेवली होती. मी साडेसहाला घरातून निघाले, अंगात शेडवर वापरायचा, शिसवीनं मळलेला जुना ड्रेस. आप्पा शेडचं दार उघडून उभेच होते. त्यांनी टायरची हवा बघितली आणि म्हणाले, “घाटात दुसऱ्यावरच ठेव. पाणी तापलं तर थांब. पंप माझा हाय, पर पहिलाच हाय.”

टप उघडा होता. शहर मागं पडलं, उसाच्या मळ्यांतून ओला वास आला, मग डोंगराचा तांबडा रस्ता. रविवार, म्हणजे जीपा भरभरून भाविक. पुढं एक ट्रक. मला त्याचा पत्रा सोडून काही दिसत नव्हतं. अक्का उजवीकडून वाकल्या, डोळे बारीक केले.

“अक्का, तुम्हाला दिसतंय का?”

“न्हाय. ऐकू येतंय. निल्लु… निल्लु…” समोरून एक जीप घोंघावत गेली. मग रस्ता गप्प झाला. “होगु!”

मी गेले. कुणाच्या तरी कानांच्या भरवशावर, अर्धा जीव मुठीत धरून. आयुष्यात पुन्हा इतक्या विश्वासानं मी कुठं गेल्याचं मला आठवत नाही.

वर गुलालानं पायऱ्या गुलाबी झालेल्या. दवण्याचा तिखट-गोड वास. अक्कांनी दर्शन घेतलं, मूठभर गुलाल आणून बॉनेटवर उधळला, माझ्या कपाळाला लावता लावता सगळ्या तोंडाला फासला. “चांगभलं!” शेजारच्या जीपवाल्यांनी मोठ्यानं साथ दिली. एकानं विचारलं, “पावणं, कुठली वं ही गाडी?” अक्का म्हणाल्या, “गडहिंग्लजची.”

परत निघालो. घाटाच्या आधी माथ्यावर सपाट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना माळ. अक्का म्हणाल्या, “थांबव.” थांबवली. “आता मी चालवतो.”

आमच्याकडं बायकाही चालवतो, येतो, जातो म्हणतात; त्यात नवल नव्हतं. नवल त्या सरळ उतरून गाडीला हात लावत डावीकडं आल्या, त्याचं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी उजवीकडं सरकले.

त्यांनी काष्टा घट्ट केला. दोन्ही हात शिसवीवर ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा. माळावरचा वारा अंगावर आला, त्यांचा पदर सुटून मागं फडफडत राहिला. मी पुढं बघत होते आणि माझ्या तोंडून येत होतं, “होगु, अक्का. होगु. जरा डावीकडं. होगु.” त्या हसत होत्या. तोंड उघडून, दातांवर गुलाल. समोर शेरडं आली तेव्हा मी ओरडले, “निल्लु!” आणि गाडी शेरडांच्या हातभर अलीकडं उभी राहिली. मैलभर असेल सगळं मिळून. अक्कांनी इंजिन बंद केलं. खूप वेळ स्टिअरिंग सोडलं नाही.

मी घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. पाहुणे अजून बसलेले. मी गुलालानं माखलेली, केसांचं घरटं झालेलं. आईनं डोळे मिटून घेतले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “कुठं गेली होती?”

आप्पा म्हणाले, “जोतिबाला. गाडी घेऊन. घाट चढवून आणली तिनं.”

ते पाहुणे चहा पिऊन गेले, परत आले नाहीत. त्यानंतर आप्पांनी मला बघायला कुणाला बोलावलं नाही. मी पुढं शिकायला पुण्याला गेले.

सोमवारी ट्रक आला. अक्का आल्या नाहीत. फळ्या लावून गाडी वर चढवली, दोर आवळले. दस्तगीरचाचा पाठ फिरवून बिडी पेटवत होते, काडी पेटत नव्हती.

पुण्यात मला अक्कांचं एक कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता लख्ख दिसतंय. येऊन जा. अक्का.’ मी जाणार होते. परीक्षा होती, मग नोकरी, मग लग्न ठरलं, माझ्या मनानं. दिवाळीला जाऊ, उन्हाळ्यात जाऊ. दोन-तीन वर्षांनी चाचांकडून कळलं, अक्का गेल्या. लख्ख डोळ्यांनी त्या कुणाची वाट बघत होत्या, हा विचार मी दूर ढकलत आले. तो गेला नाही. गर्दीत, सणात, अशा प्रदर्शनातसुद्धा मला एका जागी उभं राहू देत नाही तो हाच.

गाडीचे पुण्याचे मालक तरुण होते, बोलायला मोकळे. मी फळ्याकडं बोट दाखवून म्हटलं, “ही तात्पुरती दुरुस्ती माझ्या वडिलांनी केली.” ते चपापले. मग म्हणाले, “मॅडम, रंग, सीट, स्टिअरिंग, सगळं आधीच्या मालकांनी इटलीहून मागवून बदललं होतं. पण थांबा…” त्यांनी बॉनेट उचललं. “हा पाण्याचा पंप कुठंच मिळाला नाही. कुणी केलाय माहीत नाही, पण आजपर्यंत थेंब गळला नाही.”

मी त्यावर बोट ठेवलं. संध्याकाळी आप्पांना सांगितलं तेव्हा ते पलंगावर पडल्यापडल्या हसले. “तात्पुरता म्हणं.”

पण त्याआधी, तिथंच उभी राहून, मी त्या मालकांना अक्कांचं सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं. “फळ्यावर नाव घालतो मी त्यांचं. काय नाव?”

अक्का. मला अक्का एवढंच माहीत होतं. आठ महिने, एक डोंगर, एक कार्ड, आणि नाव मी कधी विचारलं नव्हतं. आप्पांना माहीत नव्हतं. चाचांना विचारलं, ते म्हणाले, “अक्काच की. आनी काय?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गडहिंग्लजला गेले. खिडकीशी बसून सारखी उठत होते, कंडक्टर म्हणाला, “बाई, अजून लांब हाय.”

वखार होती. मल्लाप्पाचे केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं. “नाव?” तो गोंधळला. “आम्ही चिगव्वाच म्हणत हुतो.” मग आत गेला, बराच वेळ ट्रंका सरकवल्याचे आवाज आले. परत आला तेव्हा त्याच्या हातात कापडी पुठ्ठ्याची एक छोटी वही होती. “तिच्या पेटीत हुतं. टाकवलं न्हाय.”

गाडी चालवायचं लायसन. आत तिशीतल्या अक्का, मान ताठ, हसू दाबलेलं. मी पानं उलटली. नूतनीकरणाचे शिक्के. एक, दोन, तीन, पुढं पुढं. गाडी विटांवर उभी होती, चाकं विकली गेली होती, मुंग्या शिवणींत घर करत होत्या, त्या सगळ्या वर्षांचे शिक्के. एकही मुदत चुकलेली नव्हती. शेवटचा, आम्ही जोतिबाला गेलो त्याच्या आदल्या वर्षाचा.

मी वही मल्लाप्पापुढं धरली. तो एकेक शिक्का वाचत गेला, ओठ हलवत. मग खाली बसला.

“दर काही वर्सांनी कोल्हापूरला जायची,” तो म्हणाला. “एकटीच. आम्हाला वाटायचं, अंबाबाईला जाती.”

बाहेर पायरीवर येऊन मी गाडीच्या पुण्याच्या मालकांना फोन लावला. वही मांडीवर उघडी होती. “गूळव्यापाऱ्यांच्या खाली एक ओळ वाढवा,” मी म्हटलं. “घाई नाही, बरोबर लिहून घ्या.” आणि पहिल्या पानावरचं नाव, कधीच न उच्चारलेलं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, “नी-लां-बि-का.”